बारा, तेरा, चौदा

१

शुक्रवारी संध्याकाळी सुधामती हॉस्पिटलच्या नोटीसबोर्डावर निकालाचा कागद लागला आणि शनिवारी सकाळी नऊच्या आत मैना नापास झाल्याची बातमी हुस्नबानोबाईंच्या घरी पोचलीसुद्धा. पनवेलमध्ये बातमीला रिक्षा करावी लागत नाही.

बाई तेव्हा ओटीवर सूप घेऊन जवळा निवडत बसल्या होत्या. वय बहात्तर, पाठ अजून ताठ, आणि जीभ तर त्याहून ताठ. सुधामतीत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी जुन्या बाजारात त्यांना कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. फोन ट्रस्टचे अध्यक्ष दयारामशेठ यांचा होता. शेठ सकाळच्या प्रहरी फोन करतात म्हणजे कुठेतरी काहीतरी करपलेलं असणार, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं.

सुधामतीत दर तीन वर्षांनी सगळ्या नर्सची स्किल टेस्ट होते. हातात सुई धरायचा परवाना जणू नव्याने काढायचा. जी नापास होईल तिने सहा महिने इंजेक्शनला हात लावायचा नाही, एखाद्या धाकट्या नर्सच्या देखरेखीखाली चादरी बदलत राहायचं. यंदा चौदाजणी बसल्या आणि अकरा पास झाल्या. नापास तिघी म्हणजे बारा नंबरची मैना, तेरा नंबरची भामा आणि चौदा नंबरची गंगाबाई. तिघींची नोकरी पंचवीस वर्षांच्या वर झालेली, आणि तिघींना सुई धरायला शिकवलं होतं ते हुस्नबानोबाईंनी.

शेठ म्हणाले की मैनाने रात्रीच राजीनामा लिहून दिला आहे. सोमवारी बाहेरून तपासणी समिती येणार, त्याच दिवशी तो मंजूर होईल. गुणवत्ता अधिकारी अविनाश म्हणतो, वयाचा परिणाम आहे, मान राखून निरोप द्या.

"मला पटत नाही, बाई," शेठ म्हणाले. "पण पुरावा त्याच्याकडे आहे. पिशवीत सीलबंद."

बाईंनी सूप बाजूला सारलं. मैना चुकली असेल तर शिकवणारीही चुकली, हा हिशोब त्यांच्या डोक्यात लगेच झाला आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. त्यांनी कपाटातून जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ काढलं, ओढणीला टाचलं आणि सुनेला सांगितलं की जवळा तूच निवड, मला ड्युटी आहे.

२

मैना घरी नव्हती आणि हॉस्पिटलातही नव्हती. ती सापडली एसटी स्टँडवर. बाकावर बसून, एका डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या गाडीची पाटी वाचत होती. मग दुसऱ्या डोळ्यावर तळवा. उरणच्या दोन गाड्या तिने अशाच सोडल्या होत्या.

उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही पहिली नर्स. बापाची होडी, आई टोपली घेऊन बाजारात, आणि पोरगी पांढऱ्या कपड्यांत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा थर्मामीटर झटकताना दोन फोडले होते. बाईंनी तिला रागे भरलं आणि तिसरा हातात दिला. आता तिच्या वाड्यातल्या सहा मुली नर्स झाल्या आहेत, आणि बातमी तिकडेही पोचली असणार.

बाई शेजारी बसल्या. मैनाने हात खाली घेतला नाही.

"बाई, पाटी वाचता येते मला," ती म्हणाली. "मंग बाटली कशी वाचता आली नाय?"

रडायचं असेल तर आधी सगळं सांग, मग रड, एवढंच बाई म्हणाल्या. मैनाने सांगितलं.

टेस्ट सोपी होती. पडद्यामागे टेबल, टेबलावर हेपॅरिनची बाटली. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, कमी पडलं तर गाठ होते आणि जास्त झालं तर रक्त थांबत नाही. शेजारी दोन मापांच्या सिरिंज, दोन एमएलची आणि पाचची. कागदावर लिहिलेलं की पेशंटला पाच हजार युनिट द्या. हव्या त्या सिरिंजमध्ये औषध भरायचं, आपल्या नंबरच्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि निघायचं.

खोच एवढीच की हेपॅरिनच्या बाटल्या दोन जातींच्या येतात. दोन्ही पाच एमएलच्या आणि दिसायला बहिणी-बहिणी. साध्या बाटलीत एका एमएलला एक हजार युनिट, म्हणजे पाच हजारांसाठी अख्खी बाटली भरावी लागते. कडक बाटलीत एका एमएललाच पाच हजार. वॉर्डात रोज वापरतात ती साधी. कडक कुलपात असते.

"मी तीनदा वाचलं, बाई. उचलताना, भरताना, खाली ठेवताना. तुमी शिकवलंत तसंच, ओठ हलवून. एका एमएलला पाच हजार लिवलं व्हतं. मी एक एमएल भरलं."

निकाल लागल्यावर ती अविनाशच्या ऑफिसात गेली. त्याने बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी आत बोलावलं, मेट्रन अरुंधतीलाही बोलावून घेतलं आणि सीलबंद पिशवी समोर धरली. आत शेवटच्या तिघींनी वापरलेली बाटली. लेबल त्यानेच मोठ्याने वाचलं, एका एमएलला एक हजार. मैनाने स्वतः वाकून पाहिलं आणि खरंच एक हजारच होतं.

"घरी गेली ती डोल्यांना पाणी लावत बसली," मैना म्हणाली. "उद्या कोनाला पाचपट औषध दिलं तर? माजा हात कोनाचा जीव घेईल, बाई. त्यापेक्षा घरी बसलेली बरी."

बाईंनी विचारलं की भामा आणि गंगाबाईने किती भरलं होतं. मैना म्हणाली, त्यांनीपण एकच एमएल. म्हणून तर त्याही नापास झाल्या.

"आणि सिरिंज कुठली घेतली तिघींनी?"

"दोनची."

"एकीचे डोळे गेले असते तर मी मुकाट मान्य केलं असतं," बाई उठत म्हणाल्या. "तिघींचे एकाच दुपारी गेले, आणि तेही सारखेच? चल, गाडी नंतर पकड."

३

अविनाश चौतिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, टेबलावर पेनंसुद्धा रांगेत ठेवणारा माणूस. व्यवस्थापन शिकून आलेला. बोलायला अगदी नम्र. बाईंना त्याने उठून खुर्ची दिली आणि आपली पद्धत समजावली, आणि खरं सांगायचं तर पद्धत ऐकून बाईंना मनातून कौतुकच वाटलं.

पूर्वी मेट्रन समोर उभी राहायची आणि जी मर्जीतली ती पास व्हायची, असं लोक म्हणत. अविनाशने ते मोडलं. नर्सला नाव नाही, नंबर. परीक्षक अरुंधती दुसऱ्या खोलीत. पडद्यामागे कोण आहे तिला दिसत नाही. धाकटी नर्स समृद्धी नंबर पुकारणार, औषध भांडाराचा कल्पेश सिरिंजचा ट्रे उचलून अरुंधतीकडे नेणार, आणि अरुंधती सिरिंजमधलं माप उत्तराच्या कागदाशी ताडून बघणार. उत्तर पाच एमएल. जुळलं तर पास, नाही तर नापास.

"इथे कुणाशी दुजाभाव होऊच शकत नाही, बाई," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं. पण तिघी वयस्कर, तिघी शेवटी आल्या, थकल्या असतील."

"शेवटी का आल्या?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्यांचं त्यांनी ठरवलं असेल, असं तो म्हणाला.

बाईंनी पिशवी मागितली. त्याने कपाट उघडून दिली. सीलवर सही, तारीख, वेळ चार वाजताची. बाईंनी चष्मा चढवला आणि पिशवी खिडकीकडे, उजेडात धरली. पिशवीत तीन सिरिंज, प्रत्येकीत एक एमएल औषध, आणि एक बाटली. लेबल खरंच साध्या हेपॅरिनचं होतं. मुदत संपलेलं, कारण टेस्टसाठी तसलंच वापरतात. बाटली आतून कोरडी ठणठणीत होती. बाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या रबरी बुचाकडे पाहिलं, एकदा, आणि मग पुन्हा.

अविनाशने विचारलं की समाधान झालं का. बाईंनी पिशवी त्याच्या टेबलावर न ठेवता आपल्या पर्समध्ये टाकली आणि चहा मिळेल का म्हणून विचारलं. सकाळपासून काळजीने आंबलेलं त्यांचं तोंड आता हसरं झालं होतं.

४

मेट्रनच्या खोलीत, एके काळच्या आपल्याच खोलीत, बाईंनी चहा घेता घेता एकेकाला बोलावलं.

पहिली अरुंधती. हिच्याबद्दल हॉस्पिटलात कुजबूज होती. महिन्यापूर्वी मैनाने हिची चूक डॉक्टरांसमोर दाखवली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं बेतास बात. अरुंधतीने लपवलं नाही. राग आला होता, म्हणाली, पण मैना खरं बोलत होती म्हणूनच जास्त आला. टेस्टच्या दिवशी आपण फक्त सिरिंज पाहिल्या, बाटल्या नाहीत. सिरिंजसोबत बाटलीही पाठवा असं तिने आधी सुचवलं होतं, पण सिरिंजमधलं माप पुरेसं आहे म्हणून अविनाशने नको म्हटलं. काल पिशवी दाखवली तेव्हा त्याने लेबल वाचलं आणि आपण मान हलवली. हातात घेऊन पाहिली नाही, हे सांगताना तिची मान खाली गेली.

दुसरा कल्पेश. हा गावभर बोलतो पण औषधाच्या बाबतीत मोजकं. मुदत संपलेल्या साध्या बाटल्या त्याच्याकडे अकराच निघाल्या, त्या त्याने सकाळी टेबलाशी ठेवल्या. प्रत्येक नर्स अख्खी बाटली रिकामी करणार, म्हणजे अजून तीन लागणार. जेवणानंतर बघतो म्हणाला, तेवढ्यात सलाइनची गाडी आली आणि तो खाली अडकला. वर आला तेव्हा पडद्यामागे बाटली होती आणि टेस्ट चालू होती. मेट्रनमॅडमने आणवली असेल असं त्याला वाटलं. मुदत संपलेल्या मालाच्या खोक्यात कडक हेपॅरिन होतं का? होतं, तीन-चार बाटल्या होत्या. भांडाराची दुसरी किल्ली ऑफिसात, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगलेली असते.

"दिसायला सारख्या असतात, बाई," तो म्हणाला. "म्हणून तर लेबल वाचायचं असतं."

तिसरी समृद्धी. सव्वीस वर्षांची, द्रोणागिरीहून रोज येणारी, हुशार. मैना गेली तर वॉर्डाची इनचार्ज हीच होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही. आत आली तीच रडवेली. आपल्यावर संशय येणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि विचारलं की तुम्ही पोरी आधी आणि त्या तिघी शेवटी, हे कुणी ठरवलं.

"कुणी ठरवत नाही, बाई. आपल्याकडे तसंच असतं ना. आधी आम्हाला पाठवतात, त्या वॉर्ड सांभाळतात. जेवायलाही तसंच, ईद-दिवाळीच्या सुटीलाही तसंच. मैनाताई म्हणतात, पेशंटला उघड्यावर टाकून परीक्षा द्यायची नाही."

हा रिवाज बाईंनीच पाडला होता, आणि आपण गेल्यावर चौदा वर्षं तो कुणी न सांगता चालू राहिला हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी चष्मा उगाचच पुसला. मग विचारलं की बारा नंबर पुकारला तेव्हा टेबलावर काय होतं.

"एक बाटली. नवी."

"तेराला?"

"तीच. चौदालाही तीच. गंगाबाई बाहेर आल्यावर म्हणाल्यासुद्धा की आज उष्ट्या बाटलीवर परीक्षा झाली, बुचाला आधीच दोन भोकं होती."

"तिघींना मिळून एकच बाटली," बाई सावकाश म्हणाल्या. "नक्की?"

समृद्धी नक्की म्हणाली. बाईंनी कप खाली ठेवला आणि दयारामशेठना फोन लावला, की चार वाजता इकडे या, आणि येताना मैनाचा राजीनामा घेऊन या.

५

चार वाजता मेट्रनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ, अविनाश, अरुंधती, कल्पेश, समृद्धी, आणि दाराशी एका रांगेत त्या तिघी. मैनाने ड्युटीचे कपडे घातले नव्हते. साध्या साडीत ती पाहुणी आल्यासारखी अंग चोरून उभी होती.

बाईंनी पिशवी शेठसमोर फोडली. बाटली काढून पहिल्यांदा कल्पेशच्या हातात दिली आणि विचारलं, ही काल शेवटच्या तिघींनी वापरलेली बाटली, बघून सांग कशी आहे.

कल्पेशने ती बोटांत धरली मात्र, लेबल बघायच्या आधीच कपाळाला आठी घातली. "बाई, ही तर रिकामी आहे."

मग समृद्धी. तिने सवयीने बाटली उजेडाकडे उलटी धरून हलवली आणि गोंधळून मैनाकडे पाहिलं. मग अरुंधती. तिने बुचावर बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एकच टोचा आहे." एवढं बोलून ती खुर्चीत बसली, कारण पुढचं सगळं तिला कळलं होतं.

शेवटी अविनाश. त्याने बाटली टेबलावर उभी ठेवली, लेबल आपल्याकडे वळवलं, नाव, ताकद, मुदत मोठ्याने वाचली आणि सगळं बरोबर आहे म्हणाला.

"लेबल वाचायला शिकलास, चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "एक दिवस उशिरा शिकलास."

मग त्यांनी शेठना गणित सांगितलं, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. बाटली पाच एमएलची. तिघींनी तिच्यातून एक-एक एमएल घेतलं, ते तिन्ही सिरिंजमध्ये अजून आहे. पाचातून तीन गेले, राहिले दोन. बुचाला टोचे हवेत तीन. ही बाटली मात्र कोरडी, आणि टोचा एक. म्हणजे ही सकाळची बाटली आहे, अकरा पोरींपैकी एकीने भरून रिकामी केलेली. तिघींची बाटली कुणीतरी काढून घेतली आणि तिच्या जागी कचऱ्याच्या डब्यातली ही ठेवली.

कोणी? किल्ली सगळ्यांना मिळण्यासारखी, ट्रे कल्पेशच्या हातात, राग अरुंधतीला, फायदा समृद्धीला. बाई एकेकाचं नाव घेत गेल्या.

"पण ज्याने बदलली त्याने दोन चुका केल्या. पहिली, तिघींना मिळून एकच बाटली ठेवली. त्याच्याच उत्तराप्रमाणे प्रत्येकीने पाच एमएल भरायचं होतं, म्हणजे मैनापाशीच बाटली संपली असती, भामाने काय पाणी भरायचं? कल्पेशला हे ठाऊक होतं, अजून तीन लागतील असं तो म्हणाला. दुसरी चूक, बदलताना रिकामी उचलली. या तिघांनी बाटली हातात धरली आणि पहिल्या दमात रिकामी म्हणून ओळखली. औषधात ज्याचे हात मुरलेत त्याच्याकडून ही चूक होणं नाही. ही चूक तोच करेल ज्याला बाटली म्हणजे तिच्यावरचा कागद वाटतो."

सगळ्यांनी अविनाशकडे पाहिलं. त्याने पेन उचललं, सरळ ठेवलं, पुन्हा उचललं.

"बेटा," बाई म्हणाल्या, आणि आता आवाजात धार नव्हती, "दहा मिनिटं मैना तुझ्या दाराबाहेर बसली होती. त्या दहा मिनिटांत काय केलंस ते तूच सांगितलंस तर बरं."

६

त्याने सांगितलं. दुपारी बाटल्या संपल्या, कल्पेश खाली अडकलेला, वेळ चाललेली. किल्ली घेऊन तो स्वतः भांडारात गेला, मुदत संपलेल्या खोक्यातून हेपॅरिन लिहिलेली एक बाटली उचलली आणि टेबलावर ठेवली. ताकद वाचली नाही. बाटली बाटलीसारखीच दिसली. मैना भांडायला आली तेव्हा त्याने ती पहिल्यांदा नीट वाचली आणि चूक त्याला कळली. सोमवारी समिती येणार. ज्या पद्धतीत दुजाभाव होऊच शकत नाही असं त्याने लिहून दिलं होतं, त्या पद्धतीनेच तीन बरोबर माणसं नापास केली होती. त्याने बाटली बदलली, आणि काल संध्याकाळीच चारची वेळ टाकून सील केलं.

"सहा महिने खपलो होतो यासाठी," तो म्हणाला. "आधी इथे मर्जीने पास करायचे."

"करायचे. माझ्याही काळात एक-दोघी तशा पास झाल्या, आणि त्याची मला आजही शरम वाटते," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगते, तुझा पडदा ठेव, तुझे नंबर ठेव, चांगले आहेत. पण बाटली सिरिंजसोबत परीक्षकाकडे गेली पाहिजे, आणि जी नापास होईल तिला तिचा ट्रे तिथल्या तिथे बघता आला पाहिजे. चूक तुझ्याकडून झाली, ती माणसाकडून होते. पण अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावलीस, ते इमानाला धरून नव्हतं."

शेठनी विचारलं की खरी बाटली कुठे आहे. अविनाशच्या टेबलाच्या खणात, कागदी रुमालात गुंडाळलेली. टाकून का दिली नाही? काच कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायची ते त्याला नक्की आठवेना, आणि चुकीच्या डब्यात टाकणाऱ्याला नोटीस देण्याचा नियम त्यानेच काढला होता. गंगाबाईने पदर तोंडाला लावला. भामाला तेवढंही जमलं नाही, ती सरळ हसली.

कल्पेश बाटली घेऊन आला. बुचाला तीन टोचे, आणि तळाशी औषध हलत होतं, दोन एमएल. अरुंधतीने लगेच निकालाचा कागद पुढे ओढला आणि मैनाला म्हणाली की ताई, आत्ता दुरुस्त करते, तिघीही पास.

"थांबा, मॅडम," मैना दारातून पुढे आली. "मला असं पास नको. आधी बाटली वाचायला द्या."

कल्पेशने बाटली तिच्या तळहातावर ठेवली. मैनाने चष्मा नीट केला, पण बाटली डोळ्यांपाशी नेली नाही. हात लांब केला, वॉर्डात धरते तसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. हेपॅरिन. एका एमएलला पाच हजार युनिट. मुदत संपलेली. मग एक डोळा झाकून तीच वाचली, मग दुसरा झाकून. तिसऱ्यांदा वाचतानाही एकही अक्षर चुकलं नाही.

"माजे डोले गेले नाय, बाई," ती म्हणाली.

"मला कुणी सांगायला नको," बाई म्हणाल्या. "चौदाच्या चौदाजणी पास आहेत. अकरा पोरींनी आपली बाटली बरोबर भरली आणि तुम्ही तिघींनी तुमची. हात रोजच्या सवयीने पाच भरायला धावतो, त्याला आवरून एक भरलंत, कारण वाचलंत. माझी एकतीस वर्षं फुकट गेली नाहीत." एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या. शेठनी राजीनाम्याचा कागद मैनापुढे धरला. तिने तो घडी घालून कमरेला खोचला, घरी चूल पेटवायला होईल म्हणाली.

एक अट मात्र बाईंनी घातली. नवा निकाल त्याच बोर्डावर, त्याच जागी लागला पाहिजे, आणि खाली चूक कुणाची ते लिहिलं पाहिजे. अविनाशने तो स्वतः लिहिला आणि स्वतःच्या हाताने टाचला. सोमवारी समितीलाही तोच दाखवायचा असं शेठनी ठरवलं. त्याची नोकरी राहील की नाही ते ट्रस्ट बघेल, पण कागद टाचून झाल्यावर तो तिघींसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने माफी मागितली. भामा म्हणाली, पुढच्या टेस्टला तूपण बस.

सहा वाजत आले होते. मैनाची ड्युटी नव्हती, तरी तिने कपाटातून ड्युटीचे कपडे काढले आणि वॉर्डात गेली. बाई निघता निघता वॉर्डाच्या दाराशी थांबल्या. चार नंबरच्या खाटेजवळ मैना औषधाची बाटली लांब धरून उभी होती, ओठ हलत होते. तिच्या मागे समृद्धी उभी होती, तिचेही ओठ हलत होते. एकदा उचलताना. एकदा भरताना. बाईंनी ओढणीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग रिक्षा करून घरी गेल्या आणि उरलेला जवळा निवडायला बसल्या.